आईचे दागिने संस्थेला तसेच द्यावेत, की विकून पैसे द्यावेत?

आई गेल्यावर तिचं सोनं मुलींच्या वसतिगृहाला द्यायचं, तर दागिने तसेच द्यावेत की मोडून, असं तुम्ही विचारलंय. मी यातून गेलेय. मोडूनच द्या.

पण आधी भावंडांशी बोला. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कायद्यानं आईच्या सोन्यात मुलगे, मुली आणि तिचा नवरा, म्हणजे तुमचे वडील, यांचा सारखा वाटा असतो. आमची धाकटी फोनवर ‘दे’ म्हणाली आणि नंतर महिनाभर बोललीच नाही. तिला पैसा नको होता, आईची एक खूण हवी होती. शेवटी आईची एकदाणी माळ तिला दिली. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्याआधी मी आईची पैठणी आणि चांदीची समई एका संस्थेला नेऊन दिली होती. वर्षानं गेले, तर दोन्ही ऑफिसच्या कपाटात, मी दिलेल्याच पिशवीत. विकायचं कुणी आणि हिशोब कसा लिहायचा हे ठरेना, म्हणून कुणी हातच लावला नव्हता. फार लागलं मनाला.

मग बोरमाळ मी स्वतः लातूरच्या सराफ्यात नेली. ही माळ पेरणीच्या तोंडावर गहाण पडायची आणि सोयाबीन विकलं की घरी यायची. आमचं बियाणं तिच्यावरच यायचं. सराफानं एक मणी चेपला तर आतली लाख काचेवर सांडली. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. म्हणून नुसत्या वजनावर भाव मान्य करू नका. दोन-तीन पेढ्यांत विचारा, शुद्धता मशीनवर बघा, डोळ्यांसमोर आटवून घ्या, पैसे खात्यातच घ्या.

कराचंही बघा. देणगीवर आयकरात मिणारी सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती वस्तू दिल्यावर मिळत नाही. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच, म्हणून चेकनं द्या. तीही जुन्या करपद्धतीत असाल तरच. जुनं सोनं मोडून झालेल्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, पण सोनं २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. सीएला हे आवर्जून सांगा.

पावती तुमच्या नावाची आणि पॅनची हवी. खाली आईचं नाव ‘स्मरणार्थ’ म्हणून लिहायला सांगा. पावती फाडायच्या आधीच सांगा, नंतर राहून जातं.