तळण न करता, नुसतं वाफवून अर्ध्या तासात होणारे तिखटमिठाचे पदार्थ कोणते? आणि घरचा ढोकळा मधे कच्चा का राहतो?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी सातला घरी पोचता, मुलं भुकेली असतात, रोज तळलेलं द्यायला नको वाटतं. मोदकपात्र नाही, कुकर आहे. आणि ढोकळा केला की कडेनं शिजतो, मधे मात्र चिकट राहतो.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर थराच्या जाडीत आहे, म्हणून आधी तेच सांगते. पाणी 0 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागते. ती वाफ गार पिठाला लागून तिचं पुन्हा पाणी झालं की ही सगळी उष्णता पिठाला मिळते. म्हणून वाफवलेल्या पदार्थाचा वरचा थर बघता बघता शिजतो. पण आतपर्यंत वाफ जात नाही. तिथे उष्णता पिठातूनच सावकाश सरकत जाते, आणि ढोबळ हिशेब असा की जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास लागतो. बोटाच्या एका पेराएवढा थर बारा-पंधरा मिनिटांत होतो. तेच पीठ खोलगट डब्यात दोन पेरं भरलंत तर अर्ध्या तासानेही मधला भाग कच्चाच निघेल. तुमच्या ढोकळ्याचं बहुधा हेच होत असणार. पिठात दोष नसेल, भांडं लहान आणि खोल असेल. पसरट ताटली घ्या, किंवा एका ऐवजी दोन घाणे काढा.

दुसरं कारण म्हणजे पाणी. पीठ आत ठेवताना पाणी खळखळ उकळत असलं पाहिजे. गार पाण्यावर भांडं ठेवून मग गॅस पेटवला तर पाणी तापेपर्यंत सोड्याचा जोर निघून जातो, आणि पीठ बसल्यावर शिजायला लागतं. म्हणून घरात आल्याबरोबर पहिलं काम गॅसवर पाणी ठेवण्याचं. बाकीची चिराचिरी त्यानंतर.

मोदकपात्र नाही म्हणून काही अडत नाही. कुकरमध्ये दोन पेले पाणी घाला, तळाशी जाळी किंवा एखादी जड वाटी पालथी ठेवा, वर ताटली. शिट्टी काढून ठेवायची. इथे दाब नको, नुसती वाहती वाफ हवी. पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकली तर ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. एखादं स्वच्छ नाणंही टाका. पाणी आहे तोवर ते खडखडत राहतं, आवाज थांबला की पाणी संपत आलं असं समजायचं. शिट्टी नसताना कुकर कोरडा पडलेला कळत नाही, म्हणून ही जुनी युक्ती मला फार मोलाची वाटते. कढईत करणार असाल तर झाकणाला पातळ फडका बांधा, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी पदार्थावर ठिबकत नाही. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर इडलीचा स्टँड घ्या. त्याच्या उथळ वाट्यांत ढोकळ्यापासून कोथिंबीर वडीपर्यंत काहीही आठ-दहा मिनिटांत शिजतं, कारण थर मुळातच पातळ असतो.

आता माझं मत. रोजच्या घाईच्या संध्याकाळी फुगणाऱ्या पदार्थांच्या मागे लागू नये. ढोकळा छान, पण त्यात वेळ साधावी लागते, प्रमाण साधावं लागतं आणि थकून आल्यावर ते जमेलच असं नाही. आपल्याकडे न फुगणारे, मळून किंवा थापून वाफवायचे कितीतरी पदार्थ आहेत. त्यांना सोडा लागत नाही, ते बसत नाहीत, आणि दोन-चार मिनिटं जास्त शिजले तरी बिघडत नाहीत. दुर्दैवानं यातले बरेचसे आता फक्त सणावारीच होतात.

माझ्या सगळ्यात आवडीच्या निवगऱ्या. माझं माहेर चिपळूणकडचं, तिथे गणेशचतुर्थीला मोदकांची उकड उरली की तिच्यात मिरची-जिरं घालून निवगऱ्या होतात, आणि आम्हा भावंडांचं लक्ष मोदकांइतकंच त्यांच्याकडे असायचं. त्यासाठी चतुर्थीची वाट कशाला बघायची? एक वाटी पाणी उकळा, त्यात मीठ आणि चमचाभर तेल घाला, एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळा, गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. ताटात काढा आणि गरम असतानाच पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन चांगली मऊ मळा. वाटीच्या बुडाने रगडलीत तर हात भाजत नाहीत. मग हिरवी मिरची, जिरं आणि मीठ एकत्र वाटून त्यात घाला, भरपूर कोथिंबीर घाला. लहान गोळे करून तळहातावर चपटे करा, मधे अंगठ्याने किंचित दाबा आणि तेल लावलेल्या ताटलीत ठेवून आठ-दहा मिनिटं वाफवा. उकड आधीच अर्धी शिजलेली असते, म्हणून इतक्या लवकर होतात. चकचकीत दिसायला लागल्या आणि ओल्या बोटाला चिकटल्या नाहीत की झाल्या. कच्चं तेल किंवा साजूक तूप घालून गरमच खायच्या. मुलांना तिखट चालत नसेल तर मिरची कमी करून जिरं वाढवा. पिठी जुनी असेल तर उकडीला चिरा पडतात. अशी पिठी मळताना पाणी थोडं जास्त लागतं, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरे मुटके. दुधी, कोबी, मेथी, मुळ्याचा पाला, फ्रिजमध्ये जे उरलं असेल ते चालतं. दुधी किसून दोन वाट्या घ्या, पिळून त्याचं पाणी बाजूला ठेवा, फेकू नका. किसात एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, थोडी कणीक, आलं-मिरची, हळद, ओवा, तीळ, दोन चमचे तेल, चमचाभर दही आणि मीठ घालून मळा. लागलं तरच ते दुधीचं पाणी घाला. मीठ पडल्यावर भाजी आणखी पाणी सोडते, त्यामुळे मळलेलं पीठ ठेवायचं नाही, लगेच मुठीत दाबून लांबट मुटके करायचे. पंधरा ते अठरा मिनिटं वाफवा, सुरी घालून बघा, कोरडी निघाली की उतरवा. वरून मोहरी, हिंग, तीळ, कढीपत्त्याची फोडणी. गुजराती शेजारणीकडे मुठिया खाल्ले असतील तर चव ओळखीची वाटेल. ते लोक त्यात साखर-लिंबू घालतात, तेही छान लागतं.

कोथिंबीर वडी तुम्हाला येतच असेल, म्हणून कृती सांगत बसत नाही. फक्त दोन गोष्टी. कोथिंबीर धुतल्यावर कपड्यावर पसरून पुरती कोरडी करा, नाहीतर पिठात पाणी वाढतं आणि मग बेसन वाढवावं लागतं. असं झालं की वडीला कोथिंबिरीऐवजी बेसनाचीच चव येते. माझ्या मते एक वाटी बेसनाला दोन वाट्या तरी घट्ट दाबून भरलेली चिरलेली कोथिंबीर हवी, आणि कुरकुरीतपणाला दोन चमचे तांदळाची पिठी. दुसरं म्हणजे जाड उंडे वळू नका. ताटलीत पाऊण बोट जाड थापा. उंड्यांना वीस मिनिटं लागत असतील तर या थापलेल्या वड्या बारा मिनिटांत होतात. तळायच्या नाहीत, तेव्हा थोडं थांबून चौकोनी कापा आणि चमचाभर तेलाची तिळाची फोडणी द्या. गरम गरम कापायला गेलात तर तुकडे पडतील.

फुणके मी सासरी शिकले. सासर जळगावचं. खान्देशात फुणके-कढी हा भरपेट जेवणाचा बेत आहे, पण संध्याकाळच्या भुकेलाही तितकाच चांगला. हे अर्ध्या तासात होतात असं म्हणायला सकाळी एक काम करून जावं लागतं: तूरडाळ आणि हरभराडाळ मिळून दीड-दोन वाट्या पाण्यात भिजत घालायच्या. दिवस उन्हाळ्याचे असतील तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर डाळ आंबूस होते. घरी आल्यावर पाणी पूर्ण निथळून, अजिबात पाणी न घालता, भरड वाटा. इथे मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. डाळ गुळगुळीत वाटली गेली की फुणके दडस होतात. काही डाळी अर्ध्यामुर्ध्या दिसल्या तर उत्तमच. त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरं, हळद, कोथिंबीर, मीठ. मुठीने लांबट गोळे दाबून तेल लावलेल्या चाळणीत ठेवा आणि पंधरा मिनिटं वाफवा. फुणका गरम असतानाच कुस्करून वर कच्चं शेंगदाणा तेल घालायचं आणि ताटात आंबट, पातळ कढी वाढायची. पोट भरतं, वर काही करावं लागत नाही. उरलेच तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून कांद्यावर परतायचे, डब्याचा प्रश्न सुटतो.

आता ढोकळा, कारण तुम्हाला तोही हवाच आहे. आपण बेसनाचा करतो तो खरं तर खमण. डाळ-तांदूळ आंबवून होतो तो ढोकळा, आणि त्याला रात्रभराची तयारी लागते. पाकीट आणायची गरज नाही. एक वाटी बेसन चाळून घ्या, चाळण्यात कंटाळा नको. त्यात एक मोठा चमचा रवा, दोन छोटे चमचे साखर, एका लिंबाचा रस, मीठ, चमचाभर तेल, आलं-मिरचीचं वाटण आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. भज्यांच्या पिठापेक्षा किंचित सैल, पण पळीवरून ओघळताना धार तुटणार नाही असं ठेवा. पाच-सात मिनिटं मुरू द्या. तेवढ्यात पाणी उकळलंय का बघा, ताटलीला तेल लावा, आणि सगळं तयार झाल्यावरच इनोचा एक छोटा चमचा घाला. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात, ओलं झालं की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. एकाच दिशेने, हलक्या हाताने, जेमतेम मिसळेल एवढंच ढवळून लगेच ताटलीत आणि लगेच वाफेत. या अर्ध्या मिनिटात फोन आला तर घ्यायचा नाही. पहिली दहा मिनिटं झाकण उघडू नका.

हळद अगदी चिमटीभर. सोडा अल्कली असतो आणि अल्कलीत हळद लाल होते. खमणावर लालसर ठिपके दिसतात ते म्हणूनच, सोडा नीट मिसळला गेलेला नसतो. आणि फुगून मग खचला, तर बहुतेक वेळा सोडा जास्त पडलेला असतो किंवा पीठ पातळ झालेलं असतं. घशात बसत असेल तर वरून घालायची फोडणी कोरडी आहे: मोहरी-कढीपत्ता-मिरचीच्या फोडणीतच अर्धी वाटी पाणी आणि चमचाभर साखर उकळा, खमण कापून मग ती सगळीकडे ओता, आणि दहा मिनिटं मुरू द्या.

बेसन मुलांना सोसत नसेल तर रव्याची इडली करा. ही कर्नाटकची. बंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूम्सनं दुसऱ्या महायुद्धातल्या तांदळाच्या टंचाईत ती सुरू केली असं सांगतात. एक वाटी रवा तुपावर हलका भाजून त्यात मोहरी, काजू, मिरचीची फोडणी, वाटीभर आंबट दही, लागेल तसं पाणी, पंधरा मिनिटं भिजवण, शेवटी इनो. इडलीच्या वाट्यांत दहा मिनिटं. रवा भाजून, फोडणी मिसळून, गार करून बरणीत भरून ठेवला तर आठवड्याच्या मधल्या दिवशी फक्त दही घालायचं उरतं.

सुरुवात निवगऱ्यांपासून करा असं मी सांगेन, कारण पिठी, मिरची, जिरं घरात असतंच. त्या वाफेवर असताना खाली पाण्यातच एखाद्या बटाट्याच्या लहान फोडी टाकून ठेवा. निवगऱ्या होईपर्यंत त्याही बऱ्याचशा शिजत येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याच्या भाजीला उपयोगी पडतात.