लाइनवरचा अनुभव जर्मनीत चालतो का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पाच वर्षं एसएमटी लाइनवर (बोर्डावर सुटे भाग बसवून सोल्डर करणारी यंत्रांची रांग) प्रोसेस इंजिनिअर, मोटर कंट्रोलरचे बोर्ड बनवतोस, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. जर्मनीला यायचंय. कर्ज काढून आधी मास्टर्स करावं की थेट नोकरी शोधावी, आणि जर्मन भाषा किती लागेल? ‘ताई’ म्हणून विचारलंस, म्हणून मोठ्या बहिणीसारखंच सांगते. मी दहा वर्षांपूर्वी पुण्याहून बव्हेरियात आले आणि तेव्हापासून बोर्ड असेंब्लीतच आहे.

मास्टर्स करू नकोस. चिप डिझाइनकडे वळायचं असतं तर वेगळी गोष्ट होती. तुला उत्पादनातच राहायचंय, आणि तिथे पाच वर्षांचा लाइनवरचा अनुभव नव्या पदवीपेक्षा जास्त बोलतो. शिवाय डोक्यावर कर्ज असलं की माणूस मिळेल ती पहिली नोकरी धरतो. ती चूक मी जवळच्या लोकांना करताना पाहिली आहे.

पहिलं काम म्हणजे ‘अॅनाबिन’ या सरकारी यादीत तुझं विद्यापीठ आणि तुझी पदवी शोधणं. कॉलेजचं नाव नको, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव बघ. पदवी तिथे नीट सापडली नाही तर मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून हे आत्ताच कर. ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, 2025 साली वर्षाला किमान 48,300 युरो पगार लागायचा, इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या कामांना 43,759.80. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, अर्ज करशील त्या वर्षाचा बघून घे. हातात नोकरी नसताना येऊन शोधायची सोय जून 2024 पासून ‘शान्सनकार्ट’ने झाली आहे, पण त्यासाठी वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागतो आणि मधल्या काळात अर्धवेळ कामावर भागवावं लागतं. तुझ्या अनुभवावर तिकडूनच मुलाखती दे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते: तो अनुभव इथे चालतो का? चालतो, पण तो कागदावर दिसला पाहिजे. माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. एमएसएल 3 चा आयसी (चिप) होता. एमएसएल म्हणजे भाग ओलाव्याला किती नाजूक आहे त्याची पातळी. 3 म्हणजे पाकीट फोडल्यावर ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत 168 तासांच्या आत तो रिफ्लोमधून, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमधून, गेला पाहिजे. अर्धी रील (अशा चिपांची गुंडाळलेली टेप) वापरून उरलेली मी ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवली. चार दिवसांनी शिफ्टमधल्या बाईंनी ते पाकीट माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, कधी उघडलं? मी म्हटलं, सोमवारी, दुपारच्या जेवणाआधी. मला पक्कं आठवत होतं. त्यांनी पाकिटावरच्या लेबलची रिकामी चौकट बोटाने दाखवली. तारीख नाही, वेळ नाही, सही नाही. झालं, रील होल्डवर. 125 अंशांना भाजावी तर टेपचं प्लॅस्टिक टिकत नाही, म्हणून 40 अंशांना कित्येक दिवस बेकिंग, आणि तोवर ग्राहकाचे बोर्ड थांबलेले. ओलावा शोषलेला आयसी रिफ्लोच्या उष्णतेत आतून फुगतो, त्याला तडा जातो, आणि बाहेरून तो धडधाकट दिसतो. असा बोर्ड उद्या रुग्णालयातल्या यंत्रात बसणार असतो. त्या बाई माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. पण ती रिकामी चौकट मला आजही डोळ्यांसमोर दिसते.

कंपन्या मुलाखतीत हीच सवय शोधतात. ‘एसएमटी लाइन सांभाळली’ असं सीव्हीत लिहिलंस तर कुणी पुढे वाचणार नाही. कुठल्या पार्टवर ब्रिजिंग (शेजारच्या पिना सोल्डरने जुळणं) येत होतं, ते सोल्डर पेस्टमुळे की ती बोर्डावर लावायच्या स्टेन्सिलमुळे हे तू कसं ओळखलंस, स्टेन्सिलचं ओपनिंग किती कमी केलं, आधी किती बोर्ड फेल होत होते आणि नंतर किती, हे लिही. तुझ्याकडे 8डी (बिघाडाचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत) आणि पीएफएमईएचं (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला विचार) काम आहेच, त्याला व्हीडीए 6.3 ची जोड दे, कारण जर्मन वाहन उद्योगात प्रोसेस ऑडिट त्यानुसारच होतं. आयपीसी-ए-610 चं (तयार बोर्ड स्वीकारायचा की नाही हे ठरवणारं मानक) प्रमाणपत्र भारतातच करून ये. आणखी एक, इथे मोबाइलसारखं लाखोंचं उत्पादन फारसं नाही. दोनशे बोर्डांची ऑर्डर, दिवसाला पाच-सहा चेंजओव्हर, म्हणजे एका बोर्डावरून दुसऱ्यासाठी लाइन बदलणं, असं काम असतं. त्यामुळे नवीन बोर्ड पहिल्यांदा लाइनवर आणण्याचा अनुभव सोन्यासारखा. अंबडला अशी संधी दिसली तर ओव्हरटाइमचा विचार न करता हात वर कर.

भाषा. जाहिरातीत ‘इंग्रजी चालेल’ लिहिलेलं असतं आणि ते ऑफिसात खरंही असतं. लाइनवर नाही. ऑपरेटरला तीस वर्षांचा अनुभव असतो, ओव्हनच्या आवाजावरून तो बिघाड सांगतो, आणि ते सगळं जर्मनमध्ये सांगतो. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात मी रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर कशी द्यायची ते शिकले होते, पण ‘काल्टे ल्योटश्टेले’ म्हणजे कोल्ड सोल्डर, नीट न जुळलेला सोल्डरचा सांधा, हे इथे येऊन कळलं. निघण्यापूर्वी जर्मनची बी1 ही मधली पातळी कर. नोकरी मिळायला मदत होईलच, शिवाय ब्लू कार्डवर बी1 असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, नुसतं ए1 (पहिली पातळी) असेल तर 27 महिने.

पैशाचं थोडक्यात: 50,000 युरो ठरले तर एकट्याच्या हातात महिन्याला साधारण 2,700 येतात. बायकोला आल्यापासून काम करता येतं. आई-वडिलांना कायमचं आणणं मात्र सोपं नाही, त्याबद्दल घरात आधी बोलून घे, विमानतळावर नको.

ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यांच्या बातम्या वाचून तिकडेच अर्ज करत बसू नकोस, ते वेफरचं, म्हणजे चिप घडवायच्या सिलिकॉनच्या चकत्यांचं, काम आहे, तुझं नव्हे. बोर्ड बनवणारे कारखाने लहान गावांत असतात. झोलनर ही इथली मोठी असेंब्ली कंपनी, तिचं मुख्यालय बव्हेरियाच्या जंगलपट्टीत झांट नावाच्या खेड्यात आहे. अशा ठिकाणी रात्रपाळी सुटल्यावर बस नसते. भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, त्यासाठी पैसे बाजूला ठेव.

वाहन उद्योगातले मोठे पुरवठादार 2024 पासून हजारो नोकऱ्या कमी करतायत, हेही लपवत नाही. तुझे मोटर कंट्रोलर औद्योगिक यंत्रांत जात असतील तर ते सीव्हीत ठळक लिही, आणि वैद्यकीय, रेल्वे, वीज क्षेत्रातल्या कंपन्यांकडे आधी अर्ज कर. नोकरी लावून देतो म्हणून कुणी तुझ्याकडे पैसे मागितले तर तिथेच बोलणं थांबव. आणि राजीनामा देण्याआधी एचआरकडून अनुभवपत्र घे. नुसतं पद आणि तारखा नकोत, कोणत्या मशिनवर, कोणत्या बोर्डांवर, काय काम केलंस ते त्यात लिहून घे. नोटीस पिरियड संपला की असं पत्र मिळवताना नाकीनऊ येतात.