वाचकांचे प्रश्न : जडत्व म्हणजे पोकळीचा विरोध आहे का?

प्रश्न : सगळे कण आणि सगळी उष्णता काढून टाकली, तरी निर्वात पोकळीतली विद्युतचुंबकीय क्षेत्राची हालचाल थांबत नाही, असे वाचले. वस्तूला ढकलताना जो विरोध जाणवतो तो या पोकळीचाच असतो आणि जडत्वाचे कोडे त्यामुळे सुटले आहे, असाही दावा वाचनात आला. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातले पहिले विधान खरे आहे, दुसरे अजून सिद्ध झालेले नाही, आणि माझ्या मते त्याच्यासमोरच्या अडचणी गंभीर आहेत. ही दोन्ही विधाने बहुतेक वेळा एका दमात सांगितली जातात आणि पहिल्याचा भक्कमपणा नकळत दुसऱ्याला मिळतो, म्हणून ती आधी वेगळी करू.

क्षेत्र आणि जडत्व यांचे नाते मात्र कल्पित नाही, ते डोळ्यांना दिसते. चालू विद्युत मोटरचे बटण अंधारात बंद केले, तर कधीकधी बटणाच्या फटीत क्षणभर निळसर ठिणगी चमकते. मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. वाट तुटली तरी तो हवेतून उडी घेतो. हा हट्ट तांब्याचा नसून वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा असतो, कारण त्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा कुठेतरी गेल्याशिवाय प्रवाह शून्य होऊ शकत नाही. चालत्या गाडीला थांबवताना जे घडते, तेच इथे प्रवाहाच्या बाबतीत घडते.

जे. जे. थॉमसन यांनी 1881 मध्ये हाच विचार विद्युतभारित गोलाला लावला. असा गोल हलू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि ते उभे करण्यासाठी जादा जोर लावावा लागतो. म्हणजे भारामुळे गोलाचे वस्तुमान किंचित वाढल्यासारखे होते. यातून एक मोठी आशा निर्माण झाली : इलेक्ट्रॉनचे सगळेच वस्तुमान त्याच्या स्वतःच्या क्षेत्रातून आले असेल तर? परंतु क्षेत्राच्या ऊर्जेवरून काढलेले वस्तुमान आणि क्षेत्राच्या संवेगावरून काढलेले वस्तुमान जुळेनात. दुसरे पहिल्याच्या 4/3 पट निघे. भार एकत्र धरून ठेवणारे, विद्युतचुंबकीय नसलेले आणखी काही बल मानल्याशिवाय हा हिशेब बसत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी याहून व्यापक गोष्ट दाखवली : जडत्व केवळ विद्युतचुंबकीय ऊर्जेला नसते, कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेला असते.

आता पोकळीकडे वळू. लंबकाचा गोळा अगदी तळाशी असावा आणि त्याच वेळी पूर्ण स्थिरही असावा, याला क्वांटम सिद्धांत परवानगी देत नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्राचे प्रत्येक कंपन हे असेच एक लंबक असते, त्यामुळे किमान ऊर्जेच्या अवस्थेतही त्यात थोडी थरथर उरतेच. तिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. लॅम्ब आणि रेदरफर्ड यांनी (हे अणुकेंद्र शोधणारे रदरफर्ड नव्हेत) 1947 मध्ये हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांमध्ये सुमारे 1000 मेगाहर्ट्झचा फरक मोजला. जुन्या सिद्धांतानुसार या पातळ्या तंतोतंत सारख्या असायला हव्या होत्या. क्षेत्राच्या या थरथरीचा इलेक्ट्रॉनवर होणारा परिणाम हिशेबात घेतला की हा फरक समजतो. कासिमिर यांनी 1948 मध्ये भाकीत केले की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, भाररहित अशा दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. पट्ट्यांमध्ये एक मायक्रोमीटर अंतर असेल तर हा दाब पास्कलच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा असतो, पण अंतर निम्मे केले की तो सोळापट होतो. 1997 मध्ये लामोरो यांनी तो काटेकोरपणे मोजला. तरीही एक सावधगिरी हवी. हेच बल पट्ट्यांच्या धातूतल्या इलेक्ट्रॉनांची परस्परांवरील क्रिया म्हणूनही मांडता येते, त्यामुळे पोकळीतल्या ऊर्जेचा तो एकमेव निर्णायक पुरावा ठरत नाही.

जडत्वाचा दावा याच्या पुढचा आहे. हाइश, रुएडा आणि पुथॉफ यांनी 1994 मध्ये असे मांडले की त्वरणाने जाणाऱ्या विद्युतभारित कणावर शून्यबिंदू क्षेत्र उलट दिशेने बल लावते आणि ते त्वरणाच्या प्रमाणात असते. ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ हा नियम त्यातूनच निघतो, असे त्यांचे म्हणणे. कल्पना मला मनापासून आकर्षक वाटते, कारण जो नियम आपण शाळेपासून गृहीत धरतो त्यालाही कारण असावे, असा आग्रह तिच्यामागे आहे. पण तिला तीन गोष्टींचे उत्तर द्यावे लागते. प्रोटॉनच्या वस्तुमानात त्यातील क्वार्कांच्या (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या मूलकणांच्या) स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा फक्त एक टक्क्याच्या आसपास आहे. बाकीचे जवळजवळ सगळे, क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या क्षेत्राच्या आणि क्वार्कांच्या गतीच्या ऊर्जेतून येते. म्हणजे आपल्या शरीराच्या जडत्वाचा मोठा भाग विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या खात्यात मुळातच नाही. दुसरे असे, की झेड बोसॉन या मूलकणाला विद्युतभार नाही आणि तरी तो प्रोटॉनच्या जवळपास शंभरपट जड आहे. तिसरी अडचण मला सर्वांत बोलकी वाटते. पोकळीतून सरकणाऱ्या आरशावर क्षेत्राकडून किती विरोध होतो, याचे क्वांटम गणित झालेले आहे. एका मितीतल्या आदर्श आरशासाठी हा विरोध त्वरणावर अवलंबून नसतो, तर त्वरण किती वेगाने बदलते यावर अवलंबून असतो. एकसमान त्वरणाने जाणाऱ्या आरशाला त्यातून विरोध होतच नाही, आणि जडत्व तर नेमके अशाच वेळी आपल्याला जाणवत असते.

प्रश्न : पोकळी जर अशी भरलेली असेल, तर तीतून जाणाऱ्या वस्तूचा वेग हळूहळू कमी का होत नाही? हा जुना ईथरच परत आला म्हणायचा का?

उत्तर : नाही. प्रकाशलहरी ज्यातून जातात असे पूर्वी मानले जाई, त्या ईथर नावाच्या माध्यमाला स्वतःची अशी स्थिर अवस्था होती, त्यामुळे त्याच्या सापेक्ष वेग मोजता यायला हवा होता. शून्यबिंदू क्षेत्राची ऊर्जा कंप्रतेच्या (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) घनाच्या प्रमाणात वाटलेली असते आणि या वाटणीत एक विलक्षण गुण आहे. वस्तू एकसमान वेगाने जात असताना समोरून येणाऱ्या लहरींची कंप्रता वाढते आणि मागून येणाऱ्यांची घटते, तरी या वाटणीचा आकार जसाच्या तसा राहतो. त्यामुळे वस्तूला पुढून जास्त आणि मागून कमी असा फरक जाणवतच नाही.

त्वरण सुरू झाले की चित्र बदलते. 1976 मध्ये अनरू यांनी दाखवले की त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला हीच पोकळी किंचित उबदार वाटली पाहिजे. मात्र पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाएवढ्या त्वरणाला ही ऊब 4 × 10⁻²⁰ केल्विन इतकीच भरते, आणि एक केल्विनसाठी दर सेकंद वर्गाला सुमारे 2.5 × 10²⁰ मीटर त्वरण लागते. त्वरण आणि पोकळी यांचा संबंध आहे, हे यातून कळते. परंतु ही ऊब म्हणजेच जडत्व, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

प्रश्न : या पोकळीतून वीज काढता येईल का?

उत्तर : सतत चालणारा स्रोत म्हणून नाही. किमान ऊर्जेच्या अवस्थेच्या खाली उतरायला जागाच नसते. कासिमिरच्या पट्ट्या जवळ येताना एकदा थोडे काम करतात हे खरे, पण पुन्हा तेच करून घ्यायचे तर आधी त्यांना ओढून दूर करावे लागते आणि त्यात कमीत कमी तेवढीच ऊर्जा खर्च होते. 2011 मध्ये स्वीडनमधल्या चामर्स विद्यापीठात अतिसंवाहक (विरोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या) मंडलातल्या एका ‘आरशा’ची जागा जणू अतिशय वेगाने मागेपुढे केली, तेव्हा पोकळीतून सूक्ष्मलहरींचे फोटॉन खरोखरच बाहेर पडले. पण त्यांची ऊर्जा आली ती आरसा हलवणाऱ्या यंत्रणेकडून.