गॅलापागोसला जायचंय? आधी बेटं ठरवा, मग बोट

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर, प्रशांत महासागरात गॅलापागोसची ज्वालामुखीजन्य बेटं आहेत. तिथे छोट्या यॉटमधून वन्यजीव पाहायला जाण्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चार, पाच आणि आठ दिवसांच्या सहली दिसतात. एजंट म्हणतो, चार दिवसांत सगळे मुख्य प्राणी दिसतात. चार दिवस पुरतील का? आणि सोळा जणांच्या इतक्या यॉटमधून नेमकी कोणती निवडायची?

'चार दिवस' म्हणजे प्रत्यक्षात दोनच पूर्ण दिवस. पहिल्या दिवशी विमान बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबाल या बेटावर उतरतं. मग सामानाची तपासणी, धक्क्यापर्यंतची बस, पांगा (म्हणजे यॉटची छोटी मोटरबोट), केबिनवाटप, लाइफ जॅकेटचा सराव. यात अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळची एखादी फेरी हाती लागते. शेवटच्या दिवशी सकाळी एक छोटी फेरी झाली की थेट विमानतळ. आठ दिवसांच्या सहलीत असे पूर्ण दिवस सहा मिळतात. विमानभाडं आणि उद्यानशुल्क दोन्हींत तेवढंच लागतं. पैशांची ओढाताण असेल तर यॉटचा दर्जा एक पायरी खाली आणा, पण दिवस कमी करू नका.

आता यॉटची निवड. बहुतेक जण केबिनचे फोटो बघून ठरवतात आणि तिथेच चुकतात. २०१२ पासूनच्या नियमानुसार एक बोट एकाच स्थळी चौदा दिवसांत पुन्हा जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक यॉटचा पंधरा दिवसांचा फेरा ठरलेला असतो आणि तो राष्ट्रीय उद्यानाने मंजूर केलेला असतो. कुठल्या दिवशी सकाळी कुठे उतरायचं, दुपारी कुठे, हे कॅप्टनला प्रवाशांच्या आग्रहाखातर बदलता येत नाही. कंपन्या या फेऱ्याचेच तुकडे करून चार, पाच, आठ दिवसांच्या सहली विकतात. म्हणजे एकाच यॉटवर या आठवड्यात जाणाऱ्याला जी बेटं मिळतील, ती पुढच्या आठवड्यात जाणाऱ्याला मिळणार नाहीत. म्हणून एजंटकडून दिवसवार, स्थळवार यादी मागवा. नुसतं 'इसाबेला' असं बेटाचं नाव लिहिलेलं चालणार नाही. 'तागुस कोव्ह', 'उर्बिना बे' अशी स्थळांची नावं हवीत.

यादी हातात आली की तीन ठिकाणं शोधा.

पहिलं, पश्चिमेचं फर्नांदिना आणि त्यासमोरचा इसाबेलाचा पश्चिम किनारा. ही बेटं पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त बिंदूवर तयार होतात आणि त्यांच्याखालची नाझ्का प्लेट (भूकवचाचा सरकता तुकडा) त्यांना हळूहळू पूर्वेकडे नेते. म्हणून पूर्वेची बेटं जुनी आणि झिजलेली, तर पश्चिमेची तरुण आणि अजून धगधगती. फर्नांदिनाच्या ला कुम्ब्रे ज्वालामुखीचा उद्रेक मार्च २०२४ मध्येच झाला. पश्चिमेकडून खोल पाण्यातून येणारा थंड क्रॉमवेल प्रवाह या बेटांना धडकून वर येतो आणि सोबत पोषक द्रव्यं आणतो. त्यावर सगळी अन्नसाखळी उभी आहे. न उडणारा पाणकावळा जगात फक्त याच भागात आहे, आणि गॅलापागोसचे बहुतेक पेंग्विनही इथेच. फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोसावर सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) इतके दाटीने पडलेले असतात की पाऊल कुठे ठेवायचं ते बघावं लागतं. माणसाने आणलेला एकही सस्तन प्राणी या बेटावर नाही. एवढ्या मोठ्या बेटाबद्दल असं म्हणता येणं फार दुर्मीळ आहे. एकच भाग निवडायचा असेल तर आमचं मत पश्चिमेला.

दुसरं, आग्नेयेचं एस्पान्योला. तिथल्या पुंता सुआरेसला वेव्ह्ड अल्बट्रॉस घरटी करतात. या पक्ष्याची जवळजवळ सगळी संख्या याच एका बेटावर विणीला येते. तिसरं, उत्तरेचं हेनोवेसा. खचलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून झालेल्या उपसागरात यॉट उभी राहते आणि झुडपाझुडपांवर लाल पायांचे बूबी हे समुद्री पक्षी दिसतात.

तिन्ही ठिकाणं एका आठवड्यात सहसा बसत नाहीत. दोन बसली तरी सहल उत्तम.

एक गोष्ट मात्र जरूर विचारा : 'आठ दिवसांची सहल सलग आहे, की चार आणि पाच दिवसांच्या दोन सहली जोडलेल्या?' जोडलेली असेल तर मध्यावर काही प्रवासी उतरतात, नवे चढतात. त्या दिवशीची फेरी त्यांच्या विमानाच्या वेळेभोवती आखावी लागते, आणि तुमची सकाळ अनेकदा विमानतळाजवळच कुठेतरी जाते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं?

बेटांवर बाराही महिने काही ना काही चालू असतं. तुम्हाला काय बघायचंय आणि समुद्र किती सोसतो, यावर महिना ठरवा.

जानेवारी ते मे हे उष्ण महिने. मधूनमधून जोरदार सरी येतात, पण समुद्र शांत आणि पाणी साधारण २४ ते २७ अंश असतं. हिरवी समुद्री कासवं याच काळात अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. जून ते नोव्हेंबरात हम्बोल्ट प्रवाहामुळे हवा गार, आकाश ढगाळ आणि उंच भागात 'गारुआ' नावाचं धुकट भुरभुर पावसाचं वातावरण असतं. पाणी १८ ते २२ अंशांवर येतं, पश्चिमेला त्याहूनही खाली. हेच थंड पाणी माशांना खाद्य देतं, म्हणून समुद्री पक्षी आणि सी लायन या महिन्यांत जास्त लगबगीत दिसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला असतो.

अल्बट्रॉस बघायचाच असेल तर एप्रिल ते डिसेंबर. जानेवारी ते मार्च ते बेटावर नसतात, त्या महिन्यांत फक्त त्यांच्यासाठी एस्पान्योलाची सहल घेऊ नका. मे महिना बऱ्याच जणांना सोयीचा पडतो : अल्बट्रॉस आलेले असतात, समुद्र अजून बिघडलेला नसतो आणि निळ्या पायांच्या बूबींचा पाय उचलून चालणारा नाच साधारण याच सुमाराला सुरू होतो.

प्रश्न : मला बोट लागते. छोट्या यॉटवर जाऊ की नको? कॅटामरानवर (दोन सांगाड्यांच्या बोटीवर) त्रास होत नाही म्हणतात.

जा, पण तयारीने. मोठा प्रवास बहुतेक रात्री होतो. जेवणं उरकली की नांगर उचलतात आणि उजाडेपर्यंत पुढचं बेट गाठतात. हेनोवेसाची आणि इसाबेलाला पश्चिमेकडून वळसा घालण्याची रात्र लांब असते. कोणत्या रात्री किती तास चालायचं आहे, हे गाईडला पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

केबिन घेताना बोटीच्या मध्याजवळची, खालच्या डेकवरची बघा. तिथे हेलकावे सर्वांत कमी. वरच्या डेकवर मोठी खिडकी मिळते, पण बोट जितकी झुकते त्याच्या कितीतरी पट तुम्ही हलता. खालच्या केबिनमध्ये इंजिनाची घरघर ऐकू येते, खिडकीही लहान असते. हा सौदा बोट लागणाऱ्याने खुशाल करावा. अगदी पुढची केबिन टाळा. तिथे लाटांचे दणके बसतात आणि पहाटे नांगर सोडताना साखळीचा खडखडाट थेट उशीखाली होतो.

कॅटामरान आडवी कमी झुकते, हे खरं. पण तिची हालचाल आखूड आणि झटक्याची असते, आणि दोन सांगाड्यांमधल्या तळावर खालून लाटा थडाथड आपटतात. काहींना लांब, संथ हेलकाव्यापेक्षा हेच जास्त लागतं. नुसत्या कॅटामरानसाठी फार जास्त पैसे मोजू नका.

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. पोट ढवळायला लागलं की गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट नांगर उचलण्याच्या साधारण तासभर आधी घ्या. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी काम करायला चारेक तास घेते आणि तीन दिवस चालते. ती हाताळल्यावर हात धुवा. ते बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि अंधुक दिसतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ही औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन बघा, म्हणजे कितपत झोप येते ते कळेल. त्रास व्हायला लागला तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा किंवा उताणे पडून डोळे मिटा. मोबाइलमधले फोटो चाळत बसू नका.

प्रश्न : आईचं वय सत्तर आहे, गुडघे दुखतात. तिला बेटांवर उतरता येईल का?

चालणं त्या मानाने कमी असतं. फेरी दीड-दोन तासांची आणि गतीही संथ. अडचण येते ती पांगात चढता-उतरताना. दिवसातून चार-सहा वेळा तरी हे करावं लागतं.

खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजात पंजा देऊ नका. त्याच्या मनगटाच्या वर पकडा, तो तुमचं तसंच पकडेल. ओले तळवे निसटतात. या पकडीत एकाचा हात सुटला तरी दुसऱ्याचा धरलेला राहतो. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. पांगा लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. पहिलं पाऊल पांगाच्या कडेच्या रबरी फुग्यावर, दुसरं तळावर, आणि लगेच खाली बसायचं. पडणारे बहुतेक जण घाईने किंवा फोटो काढायला उभे राहिल्याने पडतात.

'ओलं उतरणं' म्हणजे वाळूच्या किनाऱ्याजवळ फुग्यावर बसून, दोन्ही पाय बाहेर फिरवून गुडघाभर पाण्यात उतरणं. गुडघे दुखणाऱ्यांना हेच सोपं जातं. उतरल्यावर पाय न उचलता वाळूत घासत चालावं. वाळूखाली स्टिंगरे हा चपटा मासा दडलेला असला तर तो चाहूल लागून निघून जातो. थेट पाऊल पडलं तर शेपटीचा काटा मारतो. 'कोरडं उतरणं' म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर पाऊल टाकणं. तिथे काळपट-हिरवं, चकाकणारं शेवाळ असेल तर त्यावर पाय देऊ नये.

आईंसाठी दोन जागा आधीच लक्षात ठेवा : बार्तोलोमेच्या माथ्यापर्यंत पावणेचारशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत, आणि हेनोवेसाच्या प्रिन्स फिलिप्स स्टेप्स म्हणजे कड्यावरची उभी, खडकाळ चढण. या दोन वेळा त्या पांगातून किनाऱ्याकडेने फिरू शकतील का, हे गाईडला विचारा. पुंता सुआरेसची वाट लांब आणि दगडगोट्यांची आहे, तिथे काठी हवी. टोकाला रबरी टोपण लावलेली, म्हणजे वाटेवर ओरखडे पडत नाहीत. बूट घोटा धरणारे हवेत. दोरखंडासारखा वळ्यावळ्यांचा 'पाहोएहोए' लाव्हा चालायला बरा, पण 'आआ' लाव्ह्याचे कंगोरे काचेसारखे धारदार असतात. सँडल घालून घसरलात तर पाय फाटतो.

सोळा जणांच्या यॉटवर डॉक्टर सहसा नसतो. रुग्णालयं पुएर्तो आयोरा आणि सान क्रिस्तोबालला आहेत. विम्यात आपत्कालीन हलवणूक आहे ना, ते पाहून घ्या, आणि नेहमीची औषधं दुप्पट न्या.

प्रश्न : पोहता येत नाही. स्नॉर्केलिंगचे (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्यात बघण्याचे) पैसे वाया जातील का?

लाइफ जॅकेट घालून, पांगाला किंवा गाईडच्या रिंगला धरून शांत उपसागरात बरंच काही बघता येतं. फ्लोरेयानाजवळचं डेव्हिल्स क्राउन मात्र सोडा. तिथे प्रवाह जोराचा असतो. जून ते नोव्हेंबरात ५ मिमी जाडीचा वेटसूट लागतो, उष्ण महिन्यांत ३ मिमीचा पुरतो. मास्कची परीक्षा यॉटवरच करा : पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढा, मास्क चिकटून राहिला तरच तो तुमच्या मापाचा. मिशा असतील तर कडेने थोडं पाणी येणारच, वरच्या ओठावर व्हॅसलीन लावा. सी लायनची पिल्लं आपणहून जवळ येतात, त्यांना हात लावायचा नाही. किनाऱ्यालगत भुंकत येरझाऱ्या घालणारा मोठा नर दिसला तर त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे येऊ नका. तो हद्द राखत असतो आणि चावतो.

प्रश्न : शुल्क, सामान आणि तपासणीबद्दल सांगा.

ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पर्यटकाला उद्यानशुल्क २०० डॉलर आहे, १२ वर्षांखालील मुलांना १००. त्याशिवाय कितो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर २० डॉलरचं प्रवेशकार्ड घ्यावं लागतं. परत जाताना ते दाखवायचं असतं, म्हणून पासपोर्टमध्येच ठेवा. इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलर आहे. छोट्या, स्वच्छ नोटा न्या. फाटकी किंवा शंभराची नोट दुकानदार घेत नाहीत.

त्याच विमानतळांवर सामान जैवसुरक्षेसाठी तपासून सील करतात. ताजी फळं, बिया, रोपं चालत नाहीत, आणि बुटांच्या तळव्यांत माती नको. बेटाबेटाच्या प्रजाती वेगळ्या असल्यामुळे प्रत्येक फेरीनंतर यॉटवर चढताना पाय आणि बूट धुवावे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला होता, त्यामुळे हे धुणं मनापासून करा. मोजे उलटे करून झटका. गवताची कुसळं तिथेच अडकतात.

मुख्य भूमीवर किमान एक दिवस आधी पोहोचा. विमान चुकलं तर यॉट थांबत नाही. बेटांवरचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं, पण यॉटची वेळ कोणती ते चढतानाच विचारा.

प्रश्न : कॅमेऱ्याला कोणती लेन्स? ड्रोन नेऊ का?

ड्रोन घरीच ठेवा, पर्यटकांना परवानगी नाही. फ्लॅशही बंद. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायचं. तो आपणहून जवळ आला तर तुम्ही मागे सरकायचं. प्राणी पळत नाहीत, त्यामुळे जमिनीवर १००-४०० मिमीची झूम लेन्स भरपूर झाली. अवजड टेलिफोटो पांगात फक्त अडचण करते. सागरी इग्वाना नाकातून मिठाचं पाणी फवारतो, त्याच्या समोर फार खाली वाकलात तर लेन्सवर पांढरे ठिपके बसतात. ते कोरड्या कापडाने पुसू नका, ओरखडे पडतील. आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं कापड फिरवा, मग कोरडं. चार्जिंगला चपट्या पिनांचा प्लग लागतो, वीज ११०-१२० व्होल्ट. केबिनमध्ये सॉकेट बहुधा एक-दोनच असतात, तेव्हा एक मल्टिप्लग जवळ ठेवा आणि बॅटऱ्या रात्री जनरेटर चालू असतानाच भरून घ्या.