शाळांनी मुलांना दूध प्यायला प्रोत्साहन द्यावं का?

नुसतं प्रोत्साहन कशाला, दूधच द्यावं. भिंतीवर ‘दूध प्या’ रंगवून एकाही पोरीच्या पोटात दूध जात नाही. पोरीच्या म्हटलं ते मुद्दाम.

आमच्याकडे म्हशी होत्या, नागपुरी जातीच्या, लांब शिंगं पार पाठीकडे गेलेल्या. बाबा पहाटे धारा काढून सायकलला कॅन अडकवायचे आणि नागपूरच्या महाल, इतवारी भागांत रतीब घालायचे. शेण काढणं, कुटार टाकणं, सरकीची ढेप भिजवणं आम्हा बहिणींकडे. दूध मात्र आम्हाला चहात असेल तेवढंच. भावाला रोज पेलाभर, वर साय. मी एकदा मागितलं तर आई म्हणाली, “दूध विकाले असते. त्याले ताकद पाहिजे, तुले काय करायचं हाय?” ढेपेचं पोतं तेव्हा मी उचलायची, तो हात लावत नव्हता. आईवर राग नाही, तिला तर कधी चहातलंही पुरेसं मिळालं नाही. राग भावावर आहे. तो आजही चार लोकांत सांगतो की आमच्या घरी दूधदुभत्याला तोटा नव्हता. त्याला नव्हता. आम्हाला होता.

म्हणून म्हणते, शाळेत द्या. पोट्टा आहे की पोट्टी हे पाहून तिथल्या रांगेत माप बदलत नाही. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत सरकारी शाळांतल्या मुलांना १५० मिलि दूध मिळतं, तेही भुकटीपासून केलेलं. त्यात जवळपास पाच ग्रॅम प्रथिनं येतात. आपल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १२ ग्रॅम द्यायची असतात, तेव्हा पाच म्हणजे थोडकी नाहीत. ‘घरी द्या ना, शाळेवर भार कशाला’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी सगळ्यांना सारखं मिळत असेल. सगळीकडे मिळत नाही.

आता हेही सांगते, बळजबरी नको. काही मुलांना दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. त्यांना दही किंवा ताक द्या, विरजण लागलं की दुधातली साखर कमी होते. कॅल्शियम नाचणीत आणि तिळातही भरपूर असतं. साखर घातलेली रंगीत पाकिटं मात्र शाळेच्या फाटकाच्या आत येऊ देऊ नका. आणि आपल्या नागपूरच्या एप्रिलात दूध नासायला वेळ लागत नाही, त्यामुळे पोरं आल्या आल्या गरम करून वाटून टाकायचं.

तुमच्या घरी मुलगा-मुलगी दोन्ही असतील तर शाळेची वाट पाहू नका, तिचा पेला आधी भरा. भावाला आता एक नातू आणि एक नात आहे. नातीला दूध आवडतच नाही, असं तो सांगतो. नातवाला रोज विचारतात, गरम देऊ की गार, साखर घालू की नको. तिला कोणी विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.