चुका एंझाइमच्या, मग बिडीचा काय दोष?

तुमचा प्रश्न असा: डीएनएची नक्कल करणारी काही एंझाइमं मुळातच चुकार असतात आणि त्यातून फुप्फुसाचा कॅन्सर होतो, तर बोल बिडीला का? आणि तीस वर्षं ओढणाऱ्या दादांनी आता सोडून काय उपयोग?

मी बेळगावात जीवशास्त्र शिकवतो, आजोळ निपाणीचं. आजोबांचा तंबाखू, आजी सोप्यात बसून बिड्या वळायची. त्या पैशावर माझं शिक्षण झालं, तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही.

आजोळी जमिनीचा एक मोडी कागद होता, मधेच वाळवीनं खाल्लेला. पहिल्या मोडीवाचकानं त्या जागी हात टेकले. दुसऱ्यानं अंदाजानं अक्षर घातलं आणि नक्कल पुरी करून दिली. शेताचं नाव बदललं ते बदललंच.

पेशीतली नेहमीची नकलाकार एंझाइमं त्या पहिल्या वाचकासारखी. मागून होणारी दुरुस्ती धरली तर अब्जभर अक्षरांत एखादी चूक राहते, पण बिघडलेलं अक्षर आलं की अडतात. नक्कल अडली तर पेशी मरू शकते. मग ईटा, कॅपा, आयोटा, झीटा असली पॉलिमरेझ मंडळी, म्हणजे तुमची ती चुकार नकलाकार एंझाइमं, त्या दुसऱ्या वाचकासारखी पुढं येतात. आपण लिहिलेलं तपासून खोडायची सोय त्यांच्याकडं नसते.

वाळवी म्हणजे धूर. त्यातलं बेंझोपायरीन शरीर बाहेर टाकायला बघतं, त्या खटपटीत त्याचं असं रूप होतं की ते डीएनएतल्या जी या अक्षराला चिकटतं. डीएनएत ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं, जीसमोर सी आणि एसमोर टी अशी त्यांची जोडी; म्हणजे इथं समोर सी हवा. ए लिहिला गेला की पुढच्या नकलेत जीच्या जागी टी. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हाच बदल ठिकठिकाणी सापडतो, पेशीला आवरणाऱ्या पी53 जनुकातसुद्धा.

गंमत म्हणजे अशा चिकटलेल्या जीसमोर कॅपा बहुतेक वेळा बरोबर सी लिहिते. पण 2001 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठींत तिचंच प्रमाण वाढलेलं आढळलं. नको तितकी झाली तर ती धड अक्षरांवरही हात चालवू शकते. ईटाचं उलटं: ती जन्मतः नसली तर उन्हानं कातडीचा कॅन्सर होतो, हे 1999 मध्ये कळलं. त्यामुळं या एंझाइमांना खलनायक ठरवणं मला पटत नाही.

आता दादांचं. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 बदल साठतात, असा 2016 चा अंदाज आहे. बिडीला हाच आकडा लावता येणार नाही, पण बेंझोपायरीन तिच्या धुरातही असतंच. 2020 च्या एका अभ्यासात मात्र, ओढणं सोडलेल्या काहींच्या श्वासनलिकेत 40 टक्क्यांपर्यंत पेशी जवळपास कधीच न ओढणाऱ्यासारख्या निघाल्या. त्या बहुधा कुठंतरी दडून राहिलेल्या चांगल्या पेशींपासून वाढल्या असाव्यात. झालेले बदल पुसले जात नाहीत, पण दादांच्या फुप्फुसातही अशा पेशी शिल्लक असतील की हो.