आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, अकरावीत ५८ टक्के. सारखी गाणी लिहितो, चाली लावतो. म्हणून गिटार कपाटात कुलूपबंद केली आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली तर गाणं, नाहीतर इंजिनिअरिंग, असं त्याला सांगितलंय. गीतकाराला एकदाच पैसे मिळतात, पुढे काय? आमचं बरोबर आहे ना? – एक पालक, सांगली

उत्तर: नाही. टक्क्यांचं नंतर बघू, मला त्या कुलपाची काळजी वाटते. तुमच्या दोन पानी पत्रात शेजारी काय म्हणतात ते आहे, मेव्हण्यांचा मुलगा कुठे लागला तेही आहे. मुलाच्या गाण्याची एक ओळ नाही. ऐकलंय का एखादं? आणि ती अट! अशा स्पर्धांत बहुतेक वेळा दुसऱ्यांची गाणी गाऊन आवाज दाखवायचा असतो. हा स्वतःची गाणी बांधतो. कवीला हस्ताक्षर स्पर्धेत बसवून नापास ठरवण्यातला प्रकार आहे हा.

‘एकदाच पैसे’ हा समज जुना झाला. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गाण्याचे हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं जाईल तेव्हा मिळणाऱ्या पैशांतला, समान वाटा गीतकार-संगीतकाराचाच राहतो. तो सोडून देतो असं लिहून दिलं तरी चालत नाही. देता येतो तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. (चित्रपटगृहात सिनेमा दाखवला जातो, त्याला हा नियम लागू नाही.) इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशीच एक सोसायटी; ती रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. नव्या माणसाच्या हाती यातून सुरुवातीला फार काही पडत नाही, हे मुलालाही सांगा. पण करारावर सही करण्याआधी तो वाचायचा असतो, हेही शिकवा. गिटारपेक्षा तिथे जास्त मुलं फसतात.

स्वतःची गाणी लिहिणारा गायक प्रतीक कुहाड जयपूरचा. न्यूयॉर्कमध्ये गणित आणि अर्थशास्त्र शिकला, थोडे दिवस नोकरी केली, मग भारतात परतून पूर्णवेळ गाण्यात उतरला. २०१९ मध्ये बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं आलं. तसं सगळ्यांचं होत नाही. मला त्यातली पदवी महत्त्वाची वाटते. तेव्हा बारावी सोडू देऊ नका. सीईटी द्यायची तर देऊ दे, पुढे बीए-बीकॉमही चालेल, पण शाखा त्याला निवडू दे.

येत्या रविवारी गिटार काढून द्या आणि दोन गाणी म्हणायला सांगा. नाही आवडली तर तसं सांगा, पण मध्येच इंजिनिअरिंग काढू नका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.